चार वाजताच्या रेघा

मंगळवार, ८ मार्च १९९४

दुपारी चार वाजून सात मिनिटांनी टीव्हीवरचं चित्र फाटलं. भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिते आहे. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीला भास झाला.

कॅसेट नेहमीचीच. रोज चारला लावते ती. माझा मुलगा कॅमेरा कपाटावर ठेवतो, समोर येतो, माझ्या शेजारची खुर्ची ओढतो आणि बसता बसता हसतो — नेमका तिथे तिरप्या रेघांचा लोंढा आला. वरपासून खालपर्यंत, हातशिलाईच्या टाक्यांसारखा. आवाजात घरघर. त्याचं तोंड गेलं. शर्ट तेवढा दिसत राहिला.

मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा रेघा. पाच वाजायच्या सुमारास आपोआप गेल्या. तोवर चहाही गेला होता कामातून.

मुलगा ऑक्टोबरात गेला. ऑफिसच्या जिन्यावर बसला तो उठलाच नाही. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. फोटो पुष्कळ आहेत, पण फोटो बोलत नाहीत. हलता-बोलता तो या एका कॅसेटमध्येच आहे. एका रविवारी ऑफिसातला कॅमेरा मागून आणला होता आणि माझ्या स्वयंपाकघरात तासभर उद्योग केले होते. त्यातही बहुतेक वेळ स्वारी कॅमेऱ्याच्या मागे — माझा नळ, माझी खिडकी, माझी पाठ. समोर येतो तो एकदाच, थोडा वेळ. तेवढ्यासाठी मी रोज तो नळ बघते.

आणि तेवढंच गेलं.

बुधवार, ९ मार्च

आजही. खुर्ची ओढायच्या आधीच सुरू.

व्हिडिओ मशीन त्यानेच घेऊन दिलेलं. दोन घेतली, एकसारखी — एक मला, एक वर त्याच्या घरी. गच्चीवर एकच अँटेना, त्यातून दोन वायरी त्यानेच काढल्या. “आई, दोन्ही मशीनं टीव्हीच्या एकाच चॅनल नंबरावर लावली आहेत. तुझं काही अडलं तर फोन कर, मी वरच्याकडे बघून सांगत जाईन.” मी म्हटलं, एक जिना उतरायला काय होतं तुला? तर म्हणे, उतरलो की तू जेवायला बसवतेस.

आता वर ती एकटी असते. माझी सून. ती माझ्याशी बोलत नाही आणि मी तिच्याशी. त्या दिवशी ऑफिसचा फोन वर आला. ती माझ्या दारावरून जिना उतरून गेली आणि बेल वाजवली नाही. मला दुपारी कळलं. तेही समोरच्यांनी सांगितलं, आणि तेही ‘आता धीर धरा’ असं. म्हणजे धीर धरण्याखेरीज काही उरलंच नव्हतं.

डिसेंबरात खाली आली होती. कॅसेट मागायला. त्या रविवारी ती माहेरी होती, त्यामुळे तिने ती बघितलेलीच नाही. “दोन दिवसांसाठी द्या.” मी दिली नाही. वस्तू एकदा वर गेली की ती वरची होते. बस.

मशीनवाल्याला निरोप दिला आहे.

गुरुवार, १० मार्च

रेघा. मशीनवाला आला नाही. ‘उद्या नक्की’ म्हणाला. त्या जातीचा ‘नक्की’ मी ओळखून आहे.

शुक्रवार, ११ मार्च

आला. मी याला प्रोफेसर म्हणते. स्क्रू एक फिरवतो आणि व्याख्यान अर्धा तास देतो.

“काकू, हेड घाण झालंय.”

“मी तुझी काकू नाही. आणि घाण रोज चारलाच कशी होते?”

“तसं नसतं ते. तापतं ना मशीन.”

झाकण उघडलं, बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आत फिरवला, घरभर दवाखान्याचा वास केला. मग म्हणे मशीन टीव्हीवर ठेवायचं नसतं, एकाचा त्रास दुसऱ्याला होतो. ते उचलून शिवणयंत्रावर नेलं. म्हणजे आता मी शिवायचं कुठे? कॅसेट लावून दाखवली — चित्र आरशासारखं. माझ्याकडे अशा थाटात बघितलं की जणू टीव्हीचा शोध यानेच लावला.

तेव्हा साडेअकरा वाजले होते. सकाळचे.

चारला रेघा.

शनिवार, १२ मार्च

प्रोफेसर पुन्हा. नवी वायर बसवली. चित्र जुळवायची ट्रॅकिंगची चकती माझ्या हाताने फिरवायला लावली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेवटी फर्मान काढलं — “कॅसेट जुनी झाली. रोज रोज तेच तेच लावता, फीत घासते. थोडे दिवस लावूच नका.”

 मी दार उघडून धरलं. त्याला समजलं.

फीत घासते हे खरं असेल तर? रोज बघून मीच त्याला थोडा थोडा पुसते आहे की काय?

आज लावली नाही. चारला स्वयंपाकघरात जाऊन बसले. हाताला काम नव्हतं, म्हणून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

रविवार, १३ मार्च

नाही लावली.

सोमवार, १४ मार्च

लावली. आणि आज रडत न बसता रेघा बघितल्या. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टरनी शिकवलं होतं, आधी नाक पुसा, मग तक्रार सांगा. नाक पुसून बघितलं की पुष्कळ दिसतं.

उभी नोकरी मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली, कानाला हेडफोन लावून. दोन लाइनी एकमेकींना चिकटल्या की एकीच्या बोलण्यात दुसरी घरघरते. ना ही पुरी ऐकू येते, ना ती. टीव्हीवर चाललं आहे ते तेच. फीत झिजलेली नाही, हेड घाण नाही. चित्रात क्रॉस लागला आहे!

दुसरी लाइन कुणाची, तेही कळलं. टीव्हीचा आवाज बंद करून बसले. चार वाजले, डोक्यावर खुर्ची सरकली. लगेच रेघा. पाचच्या आत खुर्ची पुन्हा सरकली, रेघा गायब.

ती. त्याच्याच मशीनवरून, त्याच्याच वायरीतून, त्याच नंबरावर. माझी वेळ तिला चांगली ठाऊक आहे. तो असतानाही मी चारलाच टीव्हीसमोर बसायचे. तिला कॅसेट दिली नाही ना, मग मलाही बघू द्यायची नाही.

एवढी वाकडी असेल असं वाटलं नव्हतं. अबोल आहे, घुमी आहे, भाजी पाणचट करते, सगळं मान्य. पण वाकडी?

मंगळवार, १५ मार्च

इमारतीच्या सेक्रेटरींना तक्रार दिली, फुलस्केपवर, समास सोडून. पहिली तारीख, पहिली वेळ, मशीनवाल्याच्या भेटी, खुर्चीचा आवाज, सगळं क्रमाने. ‘दुसऱ्या मजल्यावरील व्हिडिओ यंत्र दुपारी चार ते पाच या वेळेत बंद ठेवण्याची समज द्यावी व तसे लेखी कळवावे.’

सेक्रेटरींनी दारातच वाचली. चष्मा वर केला. “मॅडम, दुसऱ्या मजल्यावर तर तुमच्याच...”

“नातं लिहिलेलं नाही. मजला लिहिला आहे.”

गुरुवार, १७ मार्च

सेक्रेटरी येऊन गेले. लेखी काही नाही. घसा खाकरत उभे राहिले.

“विचारलं मी त्यांना. त्या म्हणाल्या, मी काहीच लावत नाही.”

“खोटं.”

“म्हणाल्या, माझ्याकडे लावायला आहेच काय?”

“आणि खुर्ची कोण सरकवतं? उंदीर?”

“ते काही मी विचारलं नाही. मॅडम, तुम्ही दोघी एकदा समोरासमोर —”

मी म्हटलं, चहा घेणार का? नको म्हणाले. चांगलं झालं, केलेला नव्हता.

माझ्याकडे लावायला आहेच काय. टोमणा मारावा तर असा, तिसऱ्याच्या तोंडून.

शुक्रवार, १८ मार्च

भांडण नको, तर नको. एक्सचेंजमध्ये शेवटी काय करायचो? लाइनच काढायची.

मशीनच्या मागे अँटेनाची वायर येते ती उपटली. बातम्या गेल्या; जाऊ देत. जगात काय चाललंय ते कळून मी काय करणार आहे?

चार वाजले. डोक्यावर खुर्ची सरकली. मी हात जोडून बसले होते, प्रार्थनेला बसावं तशी.

रेघ नाही. एकही नाही.

कॅमेरा कपाटावर ठेवला. डोकं अर्धं कापलेलं, मग वाकून बघतो, मग नीट. खुर्ची ओढली. हसला. सगळा हसला, दातांसकट, डाव्या गालाच्या वळीसकट.

“आई, इकडे बघ ना. कॅमेऱ्याकडे.”

“बघते आहे.”

“ते कपाट आहे.”

दहा दिवसांनी भेटला. जिंकले मी.

शनिवार, १९ मार्च

आजही स्वच्छ. इतकं स्वच्छ की आधी न दिसलेलं दिसतं. मी मटार सोलते आहे आणि तो एकेक दाणा उचलून खातो आहे. मी सोलते, तो खातो. वाटी काही भरत नाही. “रात्री भाजीला काय, सालं घालू?” असा माझा आवाज. त्याचं तोंड भरलेलं.

वर खुर्ची सरकली नेहमीसारखी. आज फार वेळ पुन्हा सरकलीच नाही.

जिंकल्यावर हलकं वाटतं म्हणतात. कुणाला वाटत असेल त्याला वाटो.

रविवार, २० मार्च

हे सगळं लिहायला हवं, नाहीतर मला झोप लागणार नाही.

पाचच्या सुमाराला बेल. दारात ती. साडीवर जुना स्वेटर, त्याचा. कोपरावर मीच रफू केलेला. डिसेंबरनंतर पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितली. वाळली आहे.

“आई, तुमची तब्येत बरी आहे ना?”

“का? दिसत नाहीये का बरी?”

“नाही, म्हणजे... तुमचं मशीन बिघडलं का?”

मी तयारच होते. म्हटलं, उलट आता सुधारलंय. तुला वाईट वाटत असेल.

तिला ते कळलंच नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. म्हणाली, “तीन दिवस झाले. चारला तो आलाच नाही.”

मी विचारलं, कोण?

“तो. टीव्हीवर.”

मग सांगत गेली, थांबत थांबत. मार्चच्या सुरुवातीला एकदा वर टीव्ही चालू राहिला होता, व्हिडिओच्या नंबरावर. पडद्यावर नुसत्या मुंग्या. ती कपड्यांना इस्त्री करत होती. आणि पाठीमागून त्याचा आवाज आला. वळली तर मुंग्यांमध्ये तो, अंधूक, खुर्ची ओढताना. “मला वाटलं मला वेड लागलं. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा बसले. पुन्हा आला. मग कळलं की तुम्ही खाली लावता ते वायरीतून वर येतं.”

“आणि तू मशीन चालू करायचीस.”

“रेकॉर्ड होतंय का बघायची. रोज नवीन कॅसेट घालून. होतच नाही, आई. मशीन चालू केलं की नुसत्या रेघा येतात. बंद ठेवलं की तो दिसतो, पण मग राहत नाही.”

एकाच नंबरावरची दोन मशीनं. माझं त्याला पाठवतंय, तिचं त्याला पकडायला बघतंय, आणि मध्ये दोघींचाही तो फाटतोय. आणि मी ‘समज द्यावी’ लिहिलं, समास सोडून.

मी म्हटलं, आत ये. चपला काढ.

चहा ठेवला. कॅसेट मागे नेली, अगदी पहिल्यापासून. नळ, खिडकी, माझी पाठ. ती काठावर बसली होती, पाहुणी बसावी तशी. तो कपाटापासून समोर आला, खुर्ची ओढली, हसला. ती पुढे वाकली.

“निळा शर्ट आहे?”

“मग काय असेल?”

“वर करडा दिसायचा. सगळंच करडं दिसायचं. मला वाटायचं, करडा घातलाय. ऑफिसचा.” मग म्हणाली, “निळा मीच आणला होता. कॉलर टोचते म्हणायचा.”

पडद्यावर तो मटार खात होता. ती रडायला लागली, आणि नाक ओढायला लागली. मी रुमाल दिला. माझा चांगला, कडेला लेस लावलेला.

मग मला राहवलं नाही. विचारलंच. त्या दिवशी माझी बेल का नाही वाजवलीस? एक बोट लावायचं होतं.

तिने रुमालाची घडी केली. कॅसेट संपून पडदा निळा झाला.

“थांबले होते तुमच्या दाराशी. आत तुम्ही गाणं म्हणत होतात. भांडी घासताना म्हणता ते. बेल वाजवली असती तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. मला वाटलं, तिकडे जाते, डॉक्टर म्हणतील काही नाही झालं, मग येऊन सांगू. तुमचं गाणं कशाला तोडू.”

मी गाते हे मला ठाऊकच नव्हतं. आता विचार करते तर ऑक्टोबरनंतर गायलेले नाही.

जाताना जिन्यात थांबली. पाठमोरीच म्हणाली, “एकतीस तारखेला मी जातेय, आई. भाऊ टेम्पो घेऊन येणार आहे. घर भाड्याने देऊ म्हणतो. तुम्हाला सांगायचंच होतं.”

मी म्हटलं, दार ओढून घे.

सोमवार, २१ मार्च

ती तिचं मशीन काखेत धरून खाली आली. नंबर बदलायची खाच मागे असते, पातळ पेचकसाने फिरवायची. माझं तसंच ठेवलं, तिचं पुढच्या नंबरावर नेलं. वायर माझ्या मशीनमधून तिच्या मशीनमध्ये. तिला म्हटलं, तू फक्त लाल बटण दाब, मी ‘आता’ म्हटल्यावर. एक्सचेंजमध्ये नव्या मुलींना शिकवायचे तसं.

पूर्ण तासभर दोघी न बोलता बसलो, आवाज आत जाईल या भीतीने. आवाज आत जात नाही हे मला ठाऊक होतं. बोलले नाही एवढंच.

प्रत उत्तम उतरली. शर्ट निळा.

ती वर गेली. आता तिच्याकडे तो आहे. उद्यापासून तिने खाली यायचं काही कारण उरलेलं नाही. हे मी माझ्या हातांनी केलं, आणि चोख केलं.

मंगळवार, २२ मार्च

चारला बसले. वर खुर्ची सरकली. रेघ नाही. दोन्हीकडे तो स्वच्छ हसत असणार.

रेघा होत्या तेव्हा निदान वर कुणीतरी आहे हे दिसत तरी होतं.

बुधवार, २३ मार्च

वरून सामान ओढल्याचे आवाज दिवसभर. खोके. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज तर मजला भेदून येतो.

दुपारी जिन्यात सेक्रेटरी भेटले. “मॅडम, त्या तक्रारीचं काय करू?” फाडा म्हटलं. तर म्हणे आवक नोंद झाली आहे, फाडता येत नाही, निकाल लिहावा लागतो. मी म्हटलं, मग लिहा — तक्रारदार बाई मूर्ख आहेत. ते हसले नाहीत. मीही नाही.

तिला काय सांगायचं? राहा म्हणू? कुठल्या तोंडाने? आणि राहा म्हटलं आणि तिने हसून ‘बघते’ म्हटलं तर? तोंडी बोलण्यात माणसाला पळवाटा फार. मला पाचवीपासून एकच गोष्ट नीट येते — तक्रार लिहिणं.

गुरुवार, २४ मार्च

सकाळी लिहिलं, दोनदा शाईने उतरवलं. दुपारी वर दाराखालून सरकवून आले. ही प्रत:

*माझ्या सुनेस —*

*तू ३१ तारखेस घर सोडून जाणार असल्याचे जिन्यात, तेही पाठमोरे, कळविलेस. कारण दिलेले नाही. भाऊ टेम्पो आणणार हे कारण नव्हे, ती वाहतुकीची सोय झाली. तरी वर राहण्यास, तसेच दोन्ही वेळा खाली माझ्याकडे जेवण्यास तुझी नेमकी हरकत काय, ते लेखी कळवावे. भाजी मी करीन. उत्तर रविवार, २७ मार्च, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे. हातात. दाराखालून सरकवलेले स्वीकारले जाणार नाही. बेल वाजवावी.*

*— आई*